पुरात बुडालेल्या भिंतीला गणपतीआधी रंग नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आयर्विन पुलाखाली कृष्णा ४५ फुटांवर गेली की सांगलीकर सामान माडीवर चढवतात, आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फूट झाली की कोल्हापूरकर. चढत्या पाण्याची अशी इंचाइंचाची खबर घरोघर असते. पाणी उतरल्यावर भिंतीत किती उरले याची मात्र कोणी चौकशी करत नाही. बुरशी येते ती या उरलेल्या पाण्यावर, आणि तिला सगळ्यात जास्त मदत होते ती आपल्या घाईची.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी चिपळुणात शिरले. त्या वर्षी गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला होती, म्हणजे मध्ये पन्नास दिवस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले तेव्हा चतुर्थी २ सप्टेंबरला होती, म्हणजे महिनाही मिळाला नाही. गणपती यायचे तर घराला रंग हवा, ही आपली रीत. पूर ओसरलेल्या घरातही ती पाळली जाते. पुट्टी भरून वर ऑइल पेंट किंवा प्लास्टिक इमल्शनचे दोन हात मारले की चतुर्थीला घर झकास दिसते. नवरात्रापर्यंत रंगाला फुगे येतात, दिवाळीत पोपडे पडतात आणि पोपड्याखाली काळी-हिरवी बुरशी निघते. दोष मग रंगाऱ्याला लागतो. खरे तर भिंत ओलीच होती.

किती ओली, याचा हिशोब करता येतो. चांगली भाजलेली वीटही २४ तास पाण्यात ठेवली तर स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी पिऊ शकते, आणि भारतीय मानकात साध्या विटेला तेवढी मुभा आहे. नऊ इंची भिंतीच्या एका चौरस मीटरचे वजन चारशे किलोच्या आसपास भरते. त्यात १५ टक्केच पाणी धरले तरी साठ लिटर होतात. दहा फूट लांबीची भिंत चार फूट बुडाली असेल तर त्या एकाच भिंतीत सव्वादोनशे लिटर, म्हणजे डांबराचे एक पिंप भरून वर थोडे. कोकणातला जांभा तर नुसता छिद्रांचा. हे पाणी भिंतीच्या पृष्ठभागावरून वाफ होऊनच बाहेर पडणार, त्याला दुसरी वाट नाही. उघड्या, हवेशीर भिंतीला इंचाला एक महिना असा ठोकताळा आहे. नऊ इंची भिंत दोन्ही अंगांनी सुकली तरी चार-पाच महिने धरायचे, आणि बाहेरून सिमेंटचा गिलावा, आतून ऑइल पेंट असेल तर त्याहून जास्त. पन्नास दिवसांत ती सुकत नाही, मग कितीही पंखे लावा.

बुरशीला मात्र महिने लागत नाहीत. ओल, उष्ण हवा आणि खायला काहीतरी मिळाले की चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत ती धरते. पुठ्ठा, प्लायवूड, कापूस, कागद, रंगातला चिकटा, फर्निचरवरची धूळ यांतले काहीही तिला चालते. म्हणून पाणी उतरल्यानंतरचे पहिले दोन दिवस पुढच्या दोन महिन्यांपेक्षा मोलाचे. नेमके हेच दोन दिवस आपल्याकडे पंचनाम्याची वाट पाहण्यात जातात. 'तलाठी येईपर्यंत काही हलवू नका' असे कोणीतरी सांगते आणि भिजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटे, चिखलाचे सोफे आठवडाभर बंद खोलीत तसेच राहतात. घरातल्या बुरशीचे विरजण तिथेच लागते. आमची पहिली मागणी त्यामुळे प्रशासनाकडे आहे. तारीख-वेळेसह काढलेले मोबाईलचे फोटो आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या पंचनाम्याला पुरेशा मानाव्यात, आणि पाणी उतरायच्या आधीच हे दवंडीने किंवा गावाच्या व्हॉट्सॲप गटावर जाहीर करावे. वाट पाहणाऱ्यांनीही निदान सामान अंगणात किंवा पडवीत काढून ठेवावे.

कामाचा क्रम चुकला तर दुप्पट काम पडते, म्हणून तो सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी वीज. मेन स्विच बंद आहे याची खात्री झाल्याशिवाय ओल्या घरात पाय ठेवू नये. पाणी बोर्डाच्या वर गेले असेल तर भिंतीत पुरलेल्या पाइपांमध्ये ते आठवडेच्या आठवडे राहते. बोर्डाच्या कडेने काळा गोल डाग उठतो तो याचमुळे. सगळ्या बोर्डांच्या पट्ट्या उघडून ठेवायच्या, आणि वायरमनकडून मेगरने (विजेची गळती तपासण्याच्या यंत्राने) वायरिंग तपासल्याशिवाय एकही बटण दाबायचे नाही. फ्रीज, मिक्सर, पाण्याची मोटर यांनाही हाच नियम.

मग गाळ. तो ओला असतानाच फावड्याने ओढून काढावा. वाळला की सिमेंटसारखा बसतो आणि झाडताना घरभर उडतो. पुराच्या पाण्यात गटारे आणि गोठे दोन्ही मिसळलेले असतात, तेव्हा गमबूट आणि रबरी हातमोजे हवेतच, पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या धोक्यामुळे अधिकच. धुणे वरून खाली, स्वच्छ पाण्याने.

त्यानंतरचे काम जिवावर येते. कापसाची गादी, उशा, स्पंजचा सोफा, पार्टिकल बोर्डची कपाटे, जिप्समचे फॉल्स सीलिंग हे वाचत नाही. 'पिंजाऱ्याकडे दिली की होईल' हे पावसाच्या पाण्यात भिजलेल्या गादीला ठीक आहे, गटाराच्या पाण्यात बुडालेल्या गादीला नाही. सागवानी कपाट, लोखंडी कपाट, स्टीलची आणि पितळेची भांडी, प्लास्टिकच्या खुर्च्या हे सगळे धुऊन वापरता येते. प्लायवूडचे बघून ठरवावे. कडा फुगून थर सुटले असतील तर ते गेलेच. भिंतीला ठोकलेले फर्निचर मात्र कितीही भारी असले तरी सोडवून पुढे घ्यावे. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांची मागची पाठ, टीव्हीच्या युनिटचे पॅनल, भिंतीला टेकलेला दिवाण या जागी हवा पोहोचत नाही, आणि कुबट वास सुटतो तो इथूनच. धूप, कापूर, डांबरगोळ्या यांनी वास झाकला जातो, बुरशी आहे तिथेच राहते.

बुरशी दिसू लागली असेल तर कोरड्या झाडूने किंवा ब्रशने ती कधीही खरवडू नये. तिचे बीजाणू धुळीहून हलके असतात आणि एका खोलीतून साऱ्या घरात जातात. त्या खोलीतला पंखाही सफाई होईपर्यंत बंद ठेवावा. आधी फवाऱ्याने डाग ओला करायचा, मग कपड्याच्या पावडरीचे पाणी आणि कडक ब्रशने घासायचे, पुसलेले फडके थेट पिशवीत टाकायचे. एन-९५ मास्क लावावा, नुसता रुमाल पुरत नाही. दमेकरी, लहान मुले, केमोथेरपी चालू असलेले किंवा स्टेरॉइड घेणारे यांना या कामापासून लांब ठेवावे. तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा मोठा पट्टा बुरशीने व्यापला असेल तर घरातल्या घरात न उरकता या कामातली माणसे बोलवावीत.

आता ब्लीचिंग पावडर. मदतीच्या ट्रकमधून ती पोत्यांनी येते आणि लोक ती भिंतीवर तशीच फासतात. ताज्या पावडरीत साधारण ३० टक्के क्लोरीन असते. एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम टाकली की पुरे. हे मोजमाप तराजूवरचे हवे, मुठीचे नको. ढवळून अर्धा तास ठेवावे, वरची निवळी घ्यावी, चोथा टाकावा, आणि त्याच दिवशी वापरून संपवावे. घासून धुतलेल्या फरशीवर, सिरॅमिक टाइलवर, मोरीत आणि प्लास्टिकवर दहा मिनिटे ठेवून धुऊन काढले तर काम चोख होते. विटेच्या गिलाव्यावर आणि लाकडावर मात्र त्याचा भरवसा धरू नये. क्लोरीन पृष्ठभागावरच खर्च होते आणि त्यातले पाणी आत मुरते. डाग पांढरा पडतो, बुरशीचे आतले धागे जिवंत राहतात, आणि पंधरा दिवसांनी डाग पुन्हा वर येतो. लाकडाला टाकणखार (बोरॅक्स) बरा. लिटरभर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅम विरघळवून ब्रशने लावायचा आणि धुवायचा नाही, तसाच वाळू द्यायचा. तोही मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नये.

दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. ब्लीचिंग पावडर आणि संडासचे ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत माणूस त्याने गुदमरतो. दुसरी गोष्ट कोळशाच्या शेगडीची. भिंत सुकवायला खोली बंद करून शेगडी पेटवण्याची जुनी खोड आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला जागही येत नाही. गॅसची शेगडीही नको, आणि तिथे आणखी एक विनोद आहे. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. सुकवण्यासाठी पेटवलेली शेगडी खोलीत पाणीच ओतत असते.

दारे-खिडक्या सताड उघडून ठेवा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. जिथे बाहेरची हवा कोरडी तिथे तो बरोबर आहे. जुलै-ऑगस्टच्या कोकणात बाहेरच्या हवेची आर्द्रता नव्वदच्या घरात असते. अशी हवा भिंतीतले पाणी घेणार कुठे? बुरशी थांबवायला खोलीची आर्द्रता साठ टक्क्यांच्या आत यावी लागते. आर्द्रता आणि तापमान दाखवणारे घड्याळासारखे छोटे यंत्र काही शे रुपयांत मिळते, आणि पूरग्रस्त घरातली ती सगळ्यात शहाणी खरेदी. बाहेर सत्तरच्या खाली आकडा दिसला, ऊन पडले, तर खिडक्या उघडा. नव्वद दिसला तर बंद करा आणि आतून सुकवा.

आतून सुकवण्याचे दोन मार्ग. पहिला डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारे यंत्र, तो नसेल तर एसीचा ड्राय मोड. खोली बंद, यंत्र चालू, आणि वायरिंग तपासलेली असेल तर एक स्टँडफॅन भिंतीकडे तिरका लावलेला. भिंतीजवळ अडकलेली दमट हवा तो हलवतो. घरगुती यंत्राने दिवसाला दहा लिटर पाणी काढले तर आधी हिशोब केलेल्या सव्वादोनशे लिटरच्या एका भिंतीलाच बावीस दिवस लागतील, म्हणजे निराश होऊन चौथ्या दिवशी ते बंद करू नये. यंत्राच्या खोक्यावर दिवसाला वीस-पन्नास लिटर असे छापलेले असते, पण तो आकडा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेचा असतो. खोली सुकत जाते तशी बादलीत येणारी धार कमी होते. यंत्र बिघडलेले नसते.

दुसरा मार्ग यंत्र नसणाऱ्यांसाठी. २७ अंशांची, नव्वद टक्के दमट हवा तापवून ३५ अंशांवर नेली की तीच हवा साठ टक्क्यांच्या आत येते, कारण गरम हवेची पाणी धरण्याची ताकद जास्त. तेव्हा खोली बंद करून विजेचा हीटर लावायचा, तासाभराने दहा मिनिटे समोरासमोरची खिडकी-दार उघडून दमट झालेली हवा घालवायची, पुन्हा बंद करायचे. हीटर दोन हजार वॉटचा असेल तर तो पॉवर प्लगवरच लावावा, दिव्याच्या बोर्डावर नाही, आणि पाळत ठेवायला माणूस हवा. वीज महाग पडते हे खरे. बाजारात मिळणारे ओल शोषणारे डबे कपड्यांच्या कपाटापुरते ठीक, भिंतीपुढे त्यांचा पाड लागत नाही. चुनकळीचेही तसेच. एक किलो कळी जेमतेम तीनशे मिलिलिटर पाणी घेते, आणि घेताना इतकी तापते की हात भाजावा.

म्हणून दुसरी मागणी. डिह्युमिडिफायर प्रत्येकाने विकत घेण्याची वस्तू नव्हे, आणि पुरानंतरचे काही महिने सोडले तर ती कोणाला लागतही नाही. पूररेषेतल्या नगरपरिषदांनी आणि मोठ्या ग्रामपंचायतींनी दहा-वीस यंत्रे, काही स्टँडफॅन आणि दोन-तीन मॉइश्चर मीटर (लाकडातली, भिंतीतली ओल मोजणारे) घेऊन ठेवावेत आणि पाळीपाळीने द्यावेत. बोटी आणि लाइफ जॅकेट ठेवतोच ना? भिंत सुकवण्याची सोय त्याच खोलीत ठेवता येईल.

चिपळूण, महाड, खेड इथल्या बंद घरांचा प्रश्न वेगळाच. चाकरमानी मुंबईत, घराला कुलूप, आणि कुलूप उघडते ते गणपतीला. तोवर माजघर काळे झालेले असते. किल्ली शेजारी ठेवलेली असावी आणि पाणी उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी निदान गाद्या आणि पुठ्ठे बाहेर काढायला कोणीतरी जावे, एवढी तजवीज मे महिन्यातच करता येते.

कागदपत्रांविषयी थोडे. भिजलेली खाते-पुस्तके, दाखले, जुनी खरेदीखते उन्हात किंवा तव्यावर वाळवू नयेत. ती आखडतात आणि शाई पसरते. सगळी एका दिवसात वाळवणे शक्य नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावीत. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. मग सवडीने थोडी थोडी काढून, पानांमध्ये कोरा टिपकागद घालून, सावलीत पंख्याखाली वाळवावीत. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवू नयेत, स्वच्छ गार पाण्यात भिजवले की बहुतेक वेळा सुटतात. फोटो चिमट्याने दोरीवर टांगावेत.

भिंतीवरचा प्रत्येक पांढरा डाग बुरशीचा नसतो. पाणी सुकताना विटेतले क्षार वर येतात, त्याला आपण लोणा म्हणतो. बोटांत चुरला तर तो खरखरतो, आणि पाण्याचा थेंब टाकला की विरघळतो. बुरशी विरघळत नाही, पसरून फासली जाते. लोणा कोरड्या ब्रशने झाडून केरात टाकावा. पाण्याने धुतला तर क्षार परत भिंतीत जातात. लोणा दिसणे एका अर्थी शुभच, भिंत सुकते आहे. काळा डाग बुरशीचा की मळाचा हे कळत नसेल तर ब्लीचिंग पावडरीच्या निवळीचा एक थेंब टाकून दोन मिनिटे पाहावे. फिका पडला तर बुरशी.

इथे एक भीतीही दूर करायला हवी. २०२१ चा पूर आला तो म्युकरमायकोसिसच्या साथीनंतर काही आठवड्यांतच, आणि तिला 'काळी बुरशी' म्हटले गेल्याने भिंतीवरचे काळे ठिपके पाहून अनेकांची गाळण उडाली. भिंतीवरच्या काळ्या बुरशा बहुतेक वेगळ्या जातीच्या असतात. त्यांनी खोकला, शिंका, डोळ्यांची आग, दम्याचा झटका होऊ शकतो आणि त्या काढायलाच हव्यात, पण रंगावरून धोका ठरत नाही. हिरवी म्हणून सौम्य, काळी म्हणून जीवघेणी असे काही नाही.

गिलाव्याचे काय करायचे? लाकडी दांड्याने ठोकून पाहावे. पोकळ, भदभद वाजला तिथे तो फोडावा, पाण्याच्या खुणेच्या वर एक-दीड फुटापर्यंत, कारण ओल खुणेच्या वर चढलेली असते. ठणठणीत वाजणारा चुन्याचा जुना गिलावा फोडू नये, तो श्वास घेतो. ऑइल पेंट आणि पुट्टी मात्र बुडालेल्या भागावरून खरडून काढावी, निदान आतल्या अंगाने. फाटक्या दिसणाऱ्या भिंतीची लाज वाटते हे समजते. पण ती उघडी आहे म्हणूनच सुकते आहे.

मग चतुर्थीला काय? चुना. चुनकळी विझवून, गाळून, किलोला पाचेक लिटर पाणी धरून पातळ केलेला चुना, थोडा डिंक घालून, दोन-तीन हात. चुना भिंतीतली वाफ अडवत नाही आणि त्याच्या क्षारीपणात बुरशीला सुरुवातीचे काही महिने जमत नाही. ओल्या भिंतीवर तो थोडा ठिपकेदार दिसेल, दिसू द्या. सुपारीच्या बागेत फवारायचा बोर्डोचा (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकाचा) उरलेला घोळ भिंतीला मारण्याची युक्ती बागायतदार सुचवतात. घरात तो नको. निळे डाग आणि तांब्याचा अंश, दोन्ही मागे राहतात. मखर भिंतीपासून हातभर पुढे मांडावे. ओल्या भिंतीला चिकटवलेला पडदा दहा दिवसांत मागून बुरसटतो, आणि विसर्जनानंतर तो काढायला कोणाला सवड नसते.

रंगाचा मुहूर्त जानेवारी-फेब्रुवारीत, आणि तोही परीक्षा घेऊन. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवावे, फरशीपासून एक फुटावर एक आणि पाण्याच्या खुणेशी एक. चोवीस तासांनी भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीत आहे, महिनाभर थांबावे. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर हवा दमट आहे, तिचा बंदोबस्त वेगळा. मॉइश्चर मीटर मिळाला तर लाकडी चौकट १५ टक्क्यांच्या आत आल्यावरच पॉलिश करावे. विटेच्या भिंतीवर मात्र त्याचा आकडा खरा मानू नये. क्षारांमुळे तो फुगतो. न भिजलेल्या वरच्या मजल्याच्या भिंतीवर आधी टेकवून पाहावा, आणि दोन्ही आकडे जुळले की रंगाऱ्याला बोलवावे.

आपले,
जुन्या घरांच्या दुरुस्तीत काम करणारे काही वाचक